पुढची शीट

आत्याला गाडी लागते. आमच्या घरात दुमत नसलेली ही एकच गोष्ट.

त्यामुळे जुन्या फियाटची पुढची शीट कायम तिची. गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच, म्हणून बाबा आणि आत्याच्या मधे मी मावायचो. मागे आई, काका-काकू, दोन चुलतभाऊ आणि पायाशी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. नागपूर ते चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं ठरे, साडेसातला निघत असू. कोंढाळीला पहिली ओकारी. एकदा कोंढाळी कोरडीच गेली, तर बाबा घड्याळ बघून म्हणाले, "आज लेट आहे ही."

परतवाडा सुटलं की घाट, आणि घाटात इंजिन तापायचं. बोनेट उघडून आम्ही सगळे त्या वाफेभोवती सत्यनारायणाला बसल्यासारखे गंभीर. बाबा ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवत. कॅनमधलं पाणी संपलं की सगळ्यांच्या नजरा आत्याच्या फिरकीच्या तांब्यावर. "माझं प्यायचं पाणी हाय ते!" पण तांब्या रिकामा होईच. एवढं करून वर पोचावं तर धुकं. अल्बममध्ये भीमकुंडाचे चार फोटो आहेत. चारही पांढरे.

यंदा पुन्हा सगळ्यांनी जायची हुक्की मलाच आली. (चूक मान्य.) व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तीन आठवडे झाले, १ लिटर पेट्रोल जळलेलं नाही. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, समृद्धीनं शिर्डीला जाऊ, ५२० किलोमीटर, १२०च्या स्पीडनं.

"रस्त्यात पाहायला काय आहे?"

"काहीच नाही. म्हणून तर लवकर पोचतो."

थोरल्यानं एक्सेलमध्ये तक्ता केलाय, त्यात चहाला बारा मिनिटं. बायकोला स्विमिंग पूल हवा, पोराला खिडकीपेक्षा चार्जर. बाबांचा एकच प्रश्न, "पाण्याची कॅन घेतली का?"

"बाबा, आताच्या गाड्या तापत नाहीत."

"माणसं?"

घेतली कॅन.

ग्रुपवर मतदान ठेवलं. चिखलदरा तीन, शिर्डी तीन, 'नंतर सांगतो' पाच. आत्यानं मत दिलं नाही, रात्री फोन केला.

"कुठं जाऊन राहिले ते तुमचं तुम्ही पाहा बाप्पा. लिंबं मी आणते. तांब्या मात्र मिळणार नाही."