अंकल पै चित्रकार नव्हते

‘अमर चित्र कथा’चे संपादक अनंत पै, म्हणजे मुलांचे ‘अंकल पै’, यांच्याबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर आलं, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. ते पाहून पैंना ‘अमर चित्र कथा’ ही चित्रपुस्तकांची मालिका सुचली आणि त्यांनी एकट्याने शेकडो पुस्तकं लिहिली, चितारली. शेवटी पुस्ती असते: सगळी देवादिकांचीच.

प्रश्नमंजुषेचा किस्सा खुद्द पै सांगत, त्याबद्दल वाद नाही. पण तिथून एकदम उडी पडली नाही. १९५४ मध्ये त्यांनी ‘मानव’ नावाचं मासिक काढलं होतं, ते चाललं नाही. पुढे टाइम्स ऑफ इंडियात असताना १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’वर त्यांचा हात बसला. ‘अमर चित्र कथा’च्या ‘कृष्ण’ या पुस्तकावर क्रमांकही ११ आहे, कारण आधीचे दहा सिंड्रेलासारख्या परीकथांचे होते, तेही कन्नडमध्ये.

‘एकट्याने चितारली’ हे मात्र मला मुळीच सोसत नाही. ‘कृष्ण’ची संहिता पैंची, पण ज्या बाळकृष्णावर आपण लहानपणी लुब्ध झालो तो राम वाईरकरांच्या कुंचल्यातला. प्रताप मुळीक, दिलीप कदम, युसुफ लीन यांच्या रेषा तर नाव न वाचताही ओळखू येतात. लिहिणाऱ्यांत कमला चंद्रकांत होत्या, सुब्बा राव होते, लुईस फर्नांडिस होते. यातली कितीतरी माणसं आपली, मराठी, आणि आपणच त्यांना विसरून मजकूर पुढे पाठवतो! पैंचं काम संपादकाचं होतं: विषय निवडायचा, संहिता घासूनपुसून घ्यायची, योग्य चित्रकाराच्या हाती द्यायची. ते काम कमी प्रतीचं का मानावं?

देवादिकांचं म्हणाल, तर कबीर, अकबर, चोखामेळा यांच्यावरही पुस्तकं निघाली. १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवर निघालं, चित्रं दिलीप कदमांची. राक्षस काळे आणि देव गोरे रंगवले, ही टीका मात्र रास्त आहे. ती पैंच्या संपादनावरच येते आणि यायलाच हवी.

१९८० मध्ये ‘टिंकल’ हे मुलांचं नियतकालिक सुरू झालं. तमिळनाडूतल्या एका वाचकाने एका वेंधळ्या नोकराच्या गोष्टी पाठवल्या. त्या टपालातून निवडल्या गेल्या, वाईरकरांनी त्या नोकराला चेहरा दिला, आणि १९८३ मध्ये सुपंडी घराघरांत पोचला.