मोठा ड्रॉ म्हणजे डोळे मिटून ऑल-इन नव्हे

पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर पोकर खेळायला जाणाऱ्या आपल्या मंडळींमध्ये एक सल्ला तोंडोतोंडी फिरतो. नवखा माणूस कॅश गेमच्या, म्हणजे चिप्सची किंमत थेट रुपयांत असलेल्या खेळाच्या, टेबलावर बसायच्या आत तो त्याच्या कानावर पडलेला असतो. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर, मोठा ड्रॉ (हात पुरा करणारी बरीच पानं, म्हणजे 'आउट', शिल्लक असलेला अर्धवट हात) आला की विचार करू नका, सगळ्या चिप्स पुढे सरकवा, म्हणजे ऑल-इन जा. पंधरा आउट म्हणजे साठ टक्के. समोरचा घाबरून पत्ते टाकेल आणि नाही टाकले तरी निम्म्याहून जास्त वेळा तुम्हीच जिंकाल. कॉल करत, म्हणजे समोरच्याच्या बेटएवढेच पैसे घालत, बसणारा भित्रा.

यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. पूर्ण खोटा सल्ला माणूस दोनदा आपटला की सोडून देतो. अर्धवट खरा सल्ला अधूनमधून पैसे मिळवून देतो आणि वर्षानुवर्षं अंगाला चिकटून राहतो. म्हणून एकेक वाक्य तपासू.

त्यासाठी एकच हात धरू. 100-200 चं टेबल, म्हणजे सुरुवातीच्या सक्तीच्या बेट 100 आणि 200 (यातली 200 ची म्हणजे बिग ब्लाइंड). प्रत्येकी 1,500 घालून चौघे फ्लॉपला आले आहेत, पॉट (मधे जमलेली रक्कम) 6,000. तुमच्या हातात बदाम गुलाम आणि बदाम दश्शी. फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम अठ्ठी, किलवर दुर्री. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) करणारे नऊ बदाम उरले, शिवाय स्ट्रेट (ओळीने पाच पानं) पुरी करणाऱ्या बिगर-बदाम तीन राण्या आणि तीन सत्त्या. एकूण पंधरा. याहून देखणा ड्रॉ क्वचितच मिळतो.

"पंधरा आउट म्हणजे साठ टक्के."

आउटला चारने गुणायची युक्ती सोपी आहे, पण आउट वाढले की ती फुगवून सांगते. टर्न आणि रिव्हर (टेबलावरचं चौथं आणि पाचवं पान) मिळून पंधरापैकी एक तरी पान येण्याची शक्यता 54.1 टक्के आहे. तीही दोन्ही पानं बघायला मिळाली तर. एकाच पानाचा हिशेब केला तर 47 पैकी 15, म्हणजे 32 टक्क्यांच्या आत. फ्लॉपवर नुसता कॉल करून साठ टक्के मनात धरणारा माणूस टर्नचे पैसे वेगळे द्यावे लागतील हे विसरलेला असतो.

पान लागणं आणि पॉट जिंकणं यातही फरक आहे. समोर बदाम नसलेली एक्क्यांची जोडी असेल तर तुम्ही साधारण 56 टक्के वेळा जिंकता. समोर नव्व्यांचा सेट (तीन नव्व्या) असेल तर 42 टक्के, कारण बदाम दुर्री आली की तुमचा फ्लश होतो आणि त्याचं फ्लशहून मोठं फुल हाउस (तीन नव्व्या, दोन दुर्र्या). बाकीची पानं लागली तरी रिव्हरवर बोर्डवर, म्हणजे टेबलावरच्या पानांत, जोडी होऊन तो तुम्हाला मागे टाकू शकतो. आणि समोर बदाम एक्का-राजा असेल तर तुमच्या नऊ बदामांपैकी दोन त्याच्याच हातात आहेत. उरलेल्या सातांतली राणी आणि सत्ती ही दोनच तुमची, कारण त्यांनी स्ट्रेट फ्लश होतो. बाकीची पाच आली की त्याचा फ्लश मोठा, तरी तुम्ही आनंदाने पैसे घालता आणि तो आनंदाने घेतो.

नुसता फ्लश ड्रॉ, म्हणजे नऊ आउट, असेल तर दोन पानांत 35 टक्के. हा सल्ला देणारे दोन्ही हातांना 'मोठा ड्रॉ' म्हणतात. पहिला हात आणि हा हात यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

"समोरचा पत्ते टाकेल."

कोणता समोरचा? चार जणांच्या पॉटमध्ये समोर तिघे आहेत. प्रत्येक जण दहापैकी आठ वेळा सोडेल असं धरलं तरी तिघांनीही सोडण्याची शक्यता 51 टक्केच होते. आणि दहापैकी आठ हा आकडा मी उदारपणे धरला. शनिवार-रविवारसाठी विमानाने गोव्याला आलेला माणूस पत्ते टाकायला आलेला नसतो. टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी) घेऊन तो 'बघू तरी' म्हणत कॉल करतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, तो त्याच्या मजेचे पैसे देतोय. त्याला घाबरवण्यावर आपलं गणित उभं करणं ही आपली चूक.

"नाही टाकले तरी फायदाच."

या मुद्द्यावर मला थांबायचंय, कारण सगळा घोळ इथे आहे. सल्ल्यात आकडा पंधरा आउटचा आहे, स्टॅकचा (पुढे उरलेल्या चिप्सचा) नाही.

तुमच्याकडे आणि समोरच्याकडे 15,000 उरलेत असं समजा. तुम्ही ऑल-इन जाता, एक जण कॉल करतो, एकूण पॉट 36,000. समोर सेट निघाला तरी पॉटचे 42 टक्के म्हणजे 15,120. घातले 15,000. सेटसारख्या भक्कम हाताविरुद्धही रेक (कॅसिनोचा वाटा) सोडला तर तुम्ही बरोबरीत आहात, आणि मध्येच कधी सगळ्यांनी पत्ते टाकले तर 6,000 वर मिळतात. इथे तो सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. मीही तेच करतो.

आता तोच फ्लॉप, पण दोघांकडेही एक-एक लाख. लाइव्ह टेबलावर रात्री बारानंतर हे नेहमीचं दृश्य असतं, कारण जिंकलेली माणसं उठत नाहीत आणि हरलेली पुन्हा पुन्हा चिप्स घेतात. सहा हजारांसाठी एक लाख पुढे केले आणि सेटने कॉल केला, तर 2,06,000 चे 42 टक्के म्हणजे 86,520. सरासरी साडेतेरा हजारांचा तोटा.

यावर एक रास्त आक्षेप येतो: सेट रोज रोज कुठे असतो? खरंय, नसतो. एक्क्यांच्या जोडीने लाखाचा कॉल केला तर फायदा तुमचाच. पण लाख रुपये बघून एक्केवाला विचारात पडतो आणि बऱ्याचदा सोडतो. ज्याच्याविरुद्ध तुम्ही 56 टक्के होता, जो पुढे टर्न-रिव्हरला पैसे देणार होता, त्यालाच तुम्ही हाकलून दिलं. उरले सेट आणि मोठा फ्लश ड्रॉ. तेव्हा नुसतं तोटा होतो का, एवढं विचारून भागत नाही. दुसऱ्या वाटेने किती मिळालं असतं, हे विचारायला हवं.

ती दुसरी वाट अशी. शेवटी बोलायची जागा तुमची असेल तर 4,000 ची बेट करा, किंवा कोणी आधी केली असेल तर बेताचा रेझ (त्याहून मोठी बेट). काही जण तरीही सोडतील. एक्केवाला राहील. टर्नला इस्पिक राणी आली तर तुमची स्ट्रेट झाल्याचं त्याच्या लवकर लक्षात येत नाही, तो पैसे देतो. तिसरा बदाम आला की मात्र बदाम सत्ती खेळणारं पोरही ओळखतं आणि टेबल थंड पडतं. म्हणून 'ड्रॉ लागला की पैसे मिळतातच' हेही सरसकट खरं नाही. लपलेली स्ट्रेट चांगले पैसे देते, उघडा फ्लश कमी. आणि टर्नला कोरं पान आलं तर चेक करून रिव्हर फुकट बघता येते. जागा आधी बोलायची असेल तर ही सोय नाही, मग त्याच ड्रॉची किंमत कमी होते.

हा सल्ला आला कुठून, हे मला कळतं. टूर्नामेंटमध्ये वीस-तीस बिग ब्लाइंड हाताशी असताना मोठ्या ड्रॉवर ऑल-इन हेच बहुधा योग्य असतं. ऑनलाइन कॅश गेममध्ये शंभर बिग ब्लाइंड हे नेहमीचं माप, तिथेही तो पुष्कळदा चालून जायचा. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तिथे तयार झालेले हात आता लाइव्ह टेबलावर दिसतात, जुन्या मापाच्या सवयी घेऊन. पाचशे बिग ब्लाइंडच्या टेबलाला ते माप लागू पडत नाही.

"दोनदा रन करा, ड्रॉवाल्याचा फायदा."

अजिबात नाही. दोनदा रन केल्याने, म्हणजे ऑल-इननंतर उरलेली पानं दोनदा उघडून दर वेळी अर्धा पॉट दिल्याने, चढउतार कमी होतात, सरासरी तीच राहते. 42 टक्के हे 42 टक्केच.

"कॉल करणारा भित्रा."

पुन्हा तोच हात. तुम्ही फ्लॉपवर कॉल केला, टर्नला इस्पिक तिर्री आली, समोरच्याने पॉटएवढी बेट केली. कॉल परवडायला 33.3 टक्के हवेत, तुमच्याकडे 46 पैकी 15, म्हणजे 32.6. नुसत्या आकड्यांवर हा कॉल केसभर तोट्याचा आहे. पण त्याच्यापुढे अजून सत्तर हजार असतील आणि त्याला एक जोडीही सोडवत नसेल, तर रिव्हरला राणी किंवा सत्ती आल्यावर तो तुटीच्या कितीतरी पट भरून देतो. बेट अर्ध्या पॉटची असेल तर 25 टक्के पुरतात, मग विचारही करायला नको. आणि बेट पॉटएवढी आहे, पण त्याच्यापुढे पाचच हजार उरलेत, तर भरपाई पुरेशी होईलच असं नाही. अशा वेळी मी कॉल करण्याआधी त्याच्या उरलेल्या चिप्स मोजतो. डीलरला विचारून, घाई न करता.