एकतीस तारीख कुठे गेली?

शनिवारी रात्री लॅपटॉप मिटला तो हार मानूनच. महिन्याच्या रिपोर्टमधून ३१ तारीख गायब होत होती. १ ते ३० अगदी व्यवस्थित, बेरजा चोख. आणि ३१ तारखेला जणू जगात कुणी काही विकलंच नाही. कोड इतका सरळ की त्याचाच राग यावा : पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचं सगळं आण. तीन दिवस मी त्यात ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावायच्या खुणा, लावून, मासा गळाला लागायची वाट बघावी तसा बसलो होतो.

रविवारी पहाटे २१ किलोमीटर धावायचं होतं. ‘होतं’ म्हणजे, पुढेमागे पूर्ण मॅरेथॉन धावायची असं मी एकदा जेवण झाल्यावर आरामखुर्चीत बसून जाहीर केलं होतं. सॉफ्टवेअर किती दिवसांत होईल हेही मी त्याच खुर्चीत बसून सांगतो.

पहिले तीन किलोमीटर माझं शरीर सुरूच होत नाही. गुडघा एक तक्रार नोंदवतो, पोटरी दुसरी. कंपायलरच्या, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, वॉर्निंगकडे करतो तसंच मी दोघांकडे दुर्लक्ष करतो. वॉर्निंगने प्रोग्राम अडत नाही. (पोटरीने अडतो, पण ती वेगळी आणि लंगडी हकीकत आहे.) पाचव्यानंतर श्वास आणि पावलं जुळतात आणि डोकं मोकळं होतं. म्हणजे रिकामं होतं. त्या रिकाम्या डोक्यात त्या दिवशी मॅरेथॉनच्या अंतराबद्दलची चिडचिड येऊन बसली.

४२.१९५ किलोमीटर. हा काय आकडा झाला? १८९६ साली अथेन्सला ही शर्यत साधारण ४० किलोमीटरची होती, गप्प बसून पळावी अशी. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती सुरू केली विंडसर कॅसलपासून आणि संपवायची ठरली स्टेडियमातल्या राजघराण्याच्या आसनांसमोर. झाले २६ मैल आणि वर ३८५ यार्ड. क्लायंटने सहज म्हणावं, ‘बाकी सगळं छान, फक्त शेवट जरा आमच्या खुर्चीसमोर घ्या,’ त्यातलाच प्रकार. पुढे १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं झालं. तेव्हापासून जगभरची माणसं त्या खुर्चीपायी जास्तीचं धावतायत.

बाराव्या किलोमीटरला मी मनातल्या मनात भांडत होतो : अरे, पण शेवट नक्की कुठे धरायचा हे आधी ठरवायला नको?

आणि पाय चालू असतानाच मी आतून थबकलो. शेवट कुठे धरायचा! माझ्या कोडमध्ये ३१ तारीख म्हणजे काय? नुसती तारीख दिली, वेळ दिली नाही, की डेटाबेस ती मध्यरात्रीची शून्य वाजून शून्य मिनिटं धरतो. म्हणजे माझा रिपोर्ट ३१ तारखेच्या उंबरठ्याला पाय लावून परत फिरत होता. आख्खा दिवस बाहेरच! उपाय एका ओळीचा : शेवट पुढच्या महिन्याच्या १ तारखेला धरायचा, आणि ती १ तारीख आत घ्यायची नाही.

सापडलं. पण घर नऊ किलोमीटरवर. धावताना सुचलेलं माझ्या डोक्यात दोन किलोमीटरच्या वर टिकत नाही, घामाबरोबर जातं. म्हणून पावलांच्या तालावर घोकायला लागलो, ‘पुढची एक, आत नको, पुढची एक, आत नको.’ समोरून चालत येणाऱ्या एका आजोबांनी वाट सोडून गवतात पाय ठेवला. शेवटी दंडाला बांधलेला फोन काढून आवाज रेकॉर्ड केला आणि निर्धास्त झालो.

घरापाशी आलो तेव्हा घड्याळात २०.९७ किलोमीटर. आता हे कोणी सोडतं का? शेजारचे काका गॅलरीतून बघत असताना मी दाराबाहेर गोल गोल फेऱ्या मारल्या. एक, दोन, अडीच. २१.०० झाले तसा धपकन पायरीवर बसलो. जीपीएसचा आकडा झाडाखाली, इमारतींमध्ये कितीतरी मीटर इकडेतिकडे होतो, हे मला ठाऊक आहे. पण शेवट कुठे धरायचा हे मी ठरवलेलं होतं.

आत येऊन उत्साहाने रेकॉर्डिंग लावलं. बारा सेकंद नुसत्या धापा. मग घोगऱ्या आवाजात, ‘मध्यरात्र... आत घ्यायचं नाही...’ परत धापा. बायको चहाचा कप हातात घेऊन दारात उभी होती.

‘हे कुणाला पाठवलं नाहीस ना?’ एवढंच तिने विचारलं.

ओळ बदलली, ३१ तारीख गुपचूप घरी आली. सोमवारी टाइमशीट भरताना मात्र हात अडखळला. तीन दिवस खुर्चीत बसलो, त्यात काहीच झालं नव्हतं. शेवटी रविवारच्या रकान्यात ‘विश्लेषण – २ तास २८ मिनिटं’ असं लिहिलं. मॅनेजरने मंजूर केलं, पण विचारलंच, ‘सलग अडीच तास विश्लेषण? एका जागी बसून?’

मी म्हटलं, ‘नाही, मध्ये दोनदा पाणी प्यायला थांबलो होतो.’