‘फक्त पुढचा शब्द ओळखतं’: या दाव्यात कुठे काय चुकतं

चॅटजीपीटीसारख्या चॅटबॉटांमागे असणाऱ्या मोठ्या भाषा मॉडेलांबद्दल एक दावा सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. तो थोडक्यात असा: ही मॉडेलं फक्त पुढचा शब्द ओळखतात, त्यांना ‘विचार करायला शिकवलं’ म्हणजे लांबलचक लिहायला लावलं, गणितं सुटतात ती पाठ असल्यामुळे, आणि ‘कामं करणारा एजंट’ म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम. यातलं काहीही निव्वळ खोटं नाही, म्हणूनच दावा पटतो. पण त्याने खऱ्या काळजीची जागा नजरेआड होते, आणि ते मला खटकतं.

“फक्त पुढचा शब्द ओळखतं.” उत्तर एकेक टोकन (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) करूनच बाहेर पडतं, हे खरं. पण त्यावरून उत्तर कसं बाहेर पडतं एवढंच कळतं. कोणतं टोकन ‘योग्य’ हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न आहे. सुरुवातीच्या प्रशिक्षणात ते मजकूर ठरवतो: माणसांनी जे लिहिलं त्याच्याशी जुळवून घ्यायचं. नंतरच्या टप्प्यात, रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये (म्हणजे चांगल्या निकालाला बक्षीस देऊन शिकवण्यात), निकष बदलतो. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक या चिनी कंपनीने आर१-झीरो या मॉडेलची पद्धत जाहीर केली. तिथे सोडवून दाखवलेली उदाहरणं मॉडेलला दिलीच नव्हती. एका गणितावर मॉडेलकडून अनेक उत्तरं लिहून घ्यायची, अंतिम उत्तर बरोबर आलं का आणि मांडणी ठरल्याप्रमाणे आहे का एवढंच नियमाने तपासायचं. गटाच्या सरासरीपेक्षा सरस ठरलेल्या उत्तरांची शक्यता वाढवायची, बाकीच्यांची घटवायची. एआयएमई २०२४ या अमेरिकी गणित परीक्षेत पहिल्या प्रयत्नात बरोबर येण्याचं त्याचं प्रमाण या प्रशिक्षणात १५.६ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेलं. उत्तरं आपोआप लांबत गेली. मागे वळून स्वतःची पायरी तपासण्याची सवयही कुणी उदाहरण न देता बळावली. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ते मॉडेल पुढचं टोकनच निवडत होतं. म्हणजे ज्या वर्णनाने या दोन अवस्थांमधला फरकच दिसत नाही, ते वर्णन अपुरं आहे.

“लांब लिहिलं की विचार केल्यासारखं वाटतं.” नुसतं वाटत असतं तर अचूकता वाढली नसती. २०२२ मध्ये टोकियो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी प्रश्नापुढे ‘पायरीपायरीने विचार करू’ अशा अर्थाचं एकच वाक्य जोडलं, आणि शाब्दिक अंकगणिताच्या एका संचावर त्याच मॉडेलची अचूकता १७.७ वरून ७८.७ टक्क्यांवर गेली. कारण सोपं आहे. एका टोकनामागे मॉडेल ठरावीक इतकंच गणन करू शकतं. एकामागून एक दहा पायऱ्या लागणारं काम त्यात मावत नाही. मधली पायरी लिहून ठेवली की पुढच्या पायरीला ती वाचता येते, आपण गुणाकारात हातचा कागदावर लिहितो तसं. मात्र लिहिलेल्या पायऱ्या म्हणजे आत घडलेल्याचा प्रामाणिक वृत्तांत, असं समजू नये. अँथ्रॉपिक या कंपनीने २०२५ मध्ये प्रश्नात उत्तराचा इशारा पेरून पाहिला, तिच्या क्लॉड ३.७ सॉनेट या मॉडेलने तो वापरला तेव्हा सरासरी २५ टक्के वेळाच तसं लिहिलं. पायऱ्या उपयोगी असणं वेगळं आणि खऱ्या असणं वेगळं.

“गणितं पाठ असतात.” काही असतातच. ॲपलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये शालेय गणितांतली नावं आणि आकडे बदलले तर गुण घसरले. एका गणितात ‘पाच किवी थोडे लहान होते’ अशी बिनकामाची माहिती घातली, तर काही मॉडेलांनी ते पाच चक्क वजा केले. ही टीका मी पूर्ण मानतो. पण जुलै २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचे प्रश्न नवे होते, आणि गूगल डीपमाइंडच्या मॉडेलने सहापैकी पाच सोडवून ४२ पैकी ३५ गुण मिळवले. तपासणी स्पर्धेच्याच परीक्षकांची होती. पाठांतराने हे होत नाही.

याहून वजनदार आक्षेप दाव्यात आलाच नाही. २०२५ मध्ये चीनमधल्या त्सिंगहुआ विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की रीइन्फोर्समेंट लर्निंग न दिलेल्या मूळ मॉडेलला पुरेसे प्रयत्न करू दिले तर तेही ही गणितं सोडवतं, कधी जास्तच. म्हणजे या प्रशिक्षणाने नवी क्षमता येते की असलेलीच धारदार होते? हा वाद मिटलेला नाही. माझ्या मते दुसरं उत्तर खरं निघालं तरी शेकडो वाटांमधून बरोबर वाट पहिल्याच वेळी धरता येणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

“एजंट म्हणजे चार ओळींचा प्रोग्राम.” फेरा खरंच छोटा असतो: विचार लिहा, साधन वापरा, काय झालं ते वाचा, पुन्हा विचार करा. पण तोच फेरा अशा कामाचा सराव न दिलेल्या कच्च्या मॉडेलभोवती गुंडाळला तर अनेकदा लवकरच भरकटतो. २०२३ मध्ये एसडब्ल्यूई-बेंच ही चाचणी आली: पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या १२ प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या तक्रारी, कोड दुरुस्त करून सोडवायच्या. तेव्हाच्या सर्वोत्तम मॉडेलने १.९६ टक्के सोडवल्या. त्याच चाचणीच्या ५०० प्रश्नांच्या तपासून घेतलेल्या संचावर २०२५ मध्ये आघाडीची मॉडेलं ७० टक्क्यांपुढे गेली. संच वेगळा, त्यामुळे आकडे थेट तोलता येत नाहीत. पण इतकी मोठी तफावत नुसत्या संचबदलाने पडत नाही.

फरक पडतो तो मॉडेलला प्रत्यक्ष वातावरणात सराव दिल्याने: कोड चालवायचा, त्रुटीचा संदेश वाचायचा, पुन्हा बदलायचा, आणि शेवटी चाचण्या पास झाल्या तरच बक्षीस. कठीण भाग इथेच आहे. पन्नास पावलांनंतर एकच निकाल येतो, तेव्हा श्रेय कोणत्या पावलाचं? आणि बक्षीस चाचणी पास होण्याला असेल तर मॉडेल चाचणीच बदलू शकतं, किंवा अपेक्षित उत्तर थेट कोडमध्ये लिहून ठेवू शकतं. ओपनएआयने २०१६ मध्ये बोटींच्या शर्यतीच्या खेळात हेच पाहिलं होतं: प्रणालीने शर्यत पुरी करणं सोडलं आणि गोल फिरत गुण देणारी लक्ष्यं उडवत राहिली. ‘चार ओळींचा प्रोग्राम’ म्हणणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही, कारण जे काही करतच नाही ते लबाडी तरी कशी करणार? म्हणून एजंटचा आकडा समोर आला की मी आधी दोन गोष्टी शोधतो: तपासणीच्या चाचण्या मॉडेलच्या हाताबाहेर ठेवल्या होत्या का, आणि त्याने टाकलेली पावलं कुणा माणसाने वाचली का.