एकच सॉफ्टवेअर आलं म्हणून माहिती प्रणालींचे प्रकार संपले का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माहिती प्रणालींच्या प्रकारांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: टीपीएस (व्यवहारांची नोंद करणारी प्रणाली), एमआयएस (व्यवस्थापकांना रिपोर्ट देणारी) आणि डीएसएस (निर्णयाला मदत करणारी) ही वर्गवारी कालबाह्य झाली आहे. आज बिल, साठा, पगार, रिपोर्ट, अंदाज सगळं एकाच ईआरपीत, म्हणजे कंपनीची सगळी कामं एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं. मग या प्रकारांचा मजल्यामजल्यांचा पिरॅमिड काढून विद्यार्थ्यांकडून घोकून का घ्यायचा?

पिरॅमिडबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्या आकृतीमुळे असं वाटतं की खाली कारकुनांचं एक यंत्र आहे, वर साहेबांचं दुसरं, आणि माहिती जिना चढून वर जाते. प्रत्यक्षात तसं नसतं. ईआरपीला मी लेखात जेमतेम दोन ओळी दिल्या, हेही चुकलंच. आणि तांत्रिक सीमा पुसट झाल्या आहेत हेही खरं. व्यवहारांची नोंद एका डेटाबेसमध्ये आणि विश्लेषण रात्री काढलेल्या प्रतीवर, ही विभागणी पूर्वी करावीच लागे, कारण जड रिपोर्ट चालवला की बिलिंग अडकायचं. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या, २०१५ मध्ये आलेल्या एस/४ हानासारख्या ईआरपी प्रणाली दोन्ही कामं एकाच ठिकाणी, मेमरीत करतात.

पण यावरून प्रकारच संपले, असा जो निष्कर्ष तुम्ही काढलात तो मला पटत नाही. हे प्रकार सॉफ्टवेअरचे नाहीतच. आपण माहितीला कोणता प्रश्न विचारतो, त्याचे हे प्रकार आहेत. १९७१ मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन या अभ्यासकांनी माहिती प्रणालींची मांडणी केली तीही निर्णयांची होती: नियमात बसणारे, अर्धवट बसणारे आणि न बसणारे. लेखात मी सुरुवात इथूनच करायला हवी होती.

विमानातल्या एका सीटचं उदाहरण घेऊ. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून सेबर ही आरक्षण प्रणाली उभी केली आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं आरक्षण तिच्यावर आलं. तिला एकच गोष्ट बिनचूक करायची होती: एक सीट दोघांना विकली जाऊ नये. १४ क रिकामी आहे की नाही? उत्तर हो किंवा नाही, आणि तेही लगेच. तिथे ‘बहुधा रिकामी असावी’ चालत नाही.

आता त्याच सीटबद्दल दुसरा प्रश्न. उड्डाणाला तीन आठवडे आहेत आणि सवलतीच्या तिकिटाला गिऱ्हाईक आलं आहे. द्यायची, की पूर्ण भाडं भरणाऱ्या, शेवटच्या क्षणी येणाऱ्या प्रवाशासाठी राखून ठेवायची? १९७२ मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या लिटलवुड यांनी याचा नियम मांडला: राखून ठेवलेल्या सीटवर नंतर जितकं उत्पन्न अपेक्षित आहे त्यापेक्षा सवलतीचं भाडं जास्त असेल, तोवर सवलतीत विकत राहा. म्हणजे पूर्ण भाड्याचा प्रवासी येण्याची शक्यता ४० टक्के असेल आणि सवलतीचं भाडं पूर्ण भाड्याच्या निम्मं असेल, तर सीट आत्ताच विकावी. शक्यता ६० टक्के असेल तर थांबावं. पुढे १९८० च्या दशकात अमेरिकन एअरलाइन्सने याच विचारावर मोठी यंत्रणा उभारली.

सीट तीच, डेटाही सेबरमधलाच. तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर ती चूक असते. दुसऱ्याचं उत्तर एखाद्या उड्डाणाला हुकलं तरी ती चूक ठरत नाही. शंभर उड्डाणांचा हिशोब मांडून ते तपासावं लागतं. पहिलं काम टीपीएसचं, दुसरं डीएसएसचं. या दोन कामांना वेगळी नावं हवीत, मग ती एकाच सर्व्हरवर का चालेनात.

नावं पुसली की काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. एका वितरण कंपनीत मी साठ्याचं काम बघत होतो. नाव सांगत नाही. तिथेही तुम्ही म्हणता तसं सगळं एकाच प्रणालीत होतं. एका मालाचे स्क्रीनवर ४८ खोके दिसत होते. विक्रीवाल्याने त्या भरवशावर ४५ खोक्यांची ऑर्डर घेतली. रॅकवर निघाले ४१. उरलेले सात गोदामाच्या कोपऱ्यात, भिजून गिऱ्हाइकाकडून परत आलेले. परतीची नोंद झाली होती, आणि रीतसर झाली होती. फक्त त्या फॉर्मवर मालाच्या स्थितीच्या रकान्यात ‘विक्रीयोग्य’ आधीपासूनच भरलेलं यायचं, आणि घाईत ते कोणी बदललं नव्हतं.

आता पुढचं बघा. नवी खरेदी सुचवणारा भाग ४५ च्या खाली साठा गेला की सूचना द्यायचा. त्याला ४८ दिसत होते, म्हणून तो गप्प. महिन्याच्या रिपोर्टात त्या मालासमोर ‘साठा पुरेसा’. बेरीज सगळीकडे जुळत होती. ‘आपल्या आवारात किती खोके आहेत’ या प्रश्नाचं ४८ हे उत्तर अगदी बरोबर होतं. ‘उद्या किती पाठवू शकतो’ आणि ‘आज किती मागवावेत’ हे प्रश्न निराळे होते, पण आकडा एकच असल्यामुळे तो फरक कोणाच्या लक्षातच आला नाही. सगळं एका जागी आलं की नोंदीतली चूक अडवायला मध्ये कोणी माणूस उरत नाही. पूर्वी गोदामाची वही आणि खरेदीवाल्याचा कागद निदान एकमेकांशी भांडायचे.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत ऑर्डर आणि वितरणाच्या नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या. अमेरिकेत चॉकलेटं भरपूर खपतात तो हॅलोविन सणाचा हंगाम तोंडावर होता. माल तयार असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत पोचवता आल्या नाहीत.

तुम्ही असंही लिहिलंत की आता डॅशबोर्डवर सगळं दिसतं, मग एमआयएस वेगळं कशाला. याबाबत व्यवस्थापनाचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ मध्येच इशारा दिला होता. त्यांच्या मते व्यवस्थापकांना कमी माहितीपेक्षा बिनकामाच्या माहितीचा भार जास्त छळतो. चाळीस तक्ते एका पडद्यावर आले म्हणून व्यवस्थापकाला काय करायचं ते कळत नाही. चांगला एमआयएस रिपोर्ट बहुतेक वेळा छोटा असतो: ठरल्यापेक्षा वेगळं काय घडलं, तेवढंच सांगणारा. ते ‘ठरलेलं’ काय, हे आधी माणसांनी बसून ठरवावं लागतं, आणि डॅशबोर्ड विकत घेताना नेमकी हीच बैठक राहून जाते.

विद्यार्थ्यांनी मग काय शिकावं, हा तुमचा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटला. व्याख्या पाठ करू नयेत, याबाबत मी तुमच्याच बाजूला आहे. मी त्यांना रिपोर्टातला एखादा आकडा देईन आणि तो उलटा शोधत मुळाशी जायला सांगेन. हा कोणत्या नोंदींतून आला, त्या कोणी, कधी केल्या, कोणता रकाना आपोआप भरला गेला, आणि शेवटी या आकड्यावर कोण कोणता निर्णय घेणार आहे? एवढं एका आकड्याबाबत केलं तरी टीपीएस आणि डीएसएस यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

पिरॅमिडची आकृती मी आज लेखातून काढली आहे आणि तिथे सीटचं उदाहरण घालतो आहे. ईआरपीवर स्वतंत्र भाग लिहायला घेतला आहे. त्यासाठी तुमच्याकडून एक हवं आहे. तुमच्या कंपनीत तिन्ही कामं एकाच प्रणालीत चालतात असं तुम्ही लिहिलंत. तिथे परत आलेल्या मालाची नोंद कोण करतं, आणि माल हातात घेऊन बघितल्यावर करतं की आधी? जमल्यास इथेच कळवा.