‘सुरात राहूच शकत नाही’ म्हणे! व्हीसीओवरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरी बनवायच्या व्हीसीओवरच्या (सिंथमधला, व्होल्टेजने सूर ठरवणारा ऑसिलेटर) लेखाखाली आपण जे लिहिलंत ते आधी बाकीच्या वाचकांसाठी जसंच्या तसं देतो : “लेख वाचला. घरी बनवलेला अ‍ॅनालॉग व्हीसीओ सुरात राहूच शकत नाही, हे शंभरदा सिद्ध झालंय. पोरांना असल्या खेळण्यांच्या नादी लावून त्यांचे पैसे घालवू नका. ३३४० चिप विकत घ्या, नाहीतर सरळ अर्डुइनोवर करा. आकृतीत ट्रान्झिस्टरचे पायही दाखवलेले नाहीत आणि फोटो धूसर आहेत.” (३३४० म्हणजे अख्खा व्हीसीओ एका तुकड्यात देणारी तयार चिप, अर्डुइनो म्हणजे प्रोग्राम करायचा छोटा बोर्ड.)

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेवढं बरोबर आहे. आकृतीत पायांची नावं नव्हती, आता घातली आहेत. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा तसाच बसवला तर तो उलटा लागतो. पूर्ण मरत नाही, पण गेन इतका पडतो की व्हीसीओ चालल्यासारखा वाटतो आणि पट्टी, म्हणजे व्होल्टेज आणि सुरांचं प्रमाण, मात्र काही केल्या बसत नाही. सूचनेबद्दल आभार. फोटोंचं नंतर बघू.

आता बाकीचं. ‘शंभरदा सिद्ध झालंय’ असं आपण लिहिता. कुणी सिद्ध केलं? कोणत्या सर्किटवर, किती अंश तापमानाला, किती सेंटांनी (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) सूर हलला? एकही आकडा नाही. आकडा द्यायचा नाही आणि वर निकाल सुनावायचा, ही बोलण्याची रीत मला मान्य नाही. आणि रविवारी सोल्डरिंग आयर्न घेऊन एकत्र बसणारी मुलं खेळण्यांच्या नादी लागलेली नाहीत. ओमचा नियम, ऑपॅम्प, तापमानाचा परिणाम या गोष्टी ती हाताने शिकतायत. तुमचं भांडण माझ्याशी असेल तर माझ्याशी करा, त्यांना मध्ये ओढू नका. स्वतः बनवलेले आणि मंडळींनी दुरुस्तीला आणलेले व्हीसीओ मी वर्षानुवर्षं उघडतो आहे, त्या बळावर हे लिहितोय.

‘राहूच शकत नाही’ या एका दाव्याबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण तो वाचून एखादा नवा माणूस अर्धवट झालेला बोर्ड कपाटात टाकेल.

एका व्होल्टला एक सप्तक हे माप धरलं, तर एक अर्धस्वर ८३.३ मिलिव्होल्टचा होतो आणि एक सेंट साधारण ०.८३ मिलिव्होल्टचा. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरवर २५ अंशाला सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढले की कलेक्टरचा प्रवाह दुप्पट होतो, म्हणजे एक सप्तक. एकच ट्रान्झिस्टर वापरलात तर त्याचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतं. १८ पैकी २, म्हणजे दर अंशाला सव्वा अर्धस्वराहून जास्त. असा व्हीसीओ सुरात राहत नाही, हे खरंच. पण असा व्हीसीओ लेखात नाहीच. लेखात ट्रान्झिस्टरची जोडी आहे. दोन्ही ट्रान्झिस्टर सारखे तापले की तो २ मिलिव्होल्टचा सरकाव एकमेकांत कटतो.

‘सारखे तापले’ तरच. दोघांत दशांश अंशाचा फरक पडला तरी ०.२ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे १३ सेंट. कानाला लगेच कळतं. म्हणून लेखात लिहिलं होतं की सपाट बाजू एकमेकांना लावा, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, वरून हीटश्रिंक ओढा. रेग्युलेटरपासून लांब ठेवा आणि वर पंखा चालू असेल तर जोडीवर एखादी टोपी बसवा. तपासायचंही सोपं आहे. एक सूर धरून ठेवा आणि जोडीतल्या एकाच ट्रान्झिस्टरला बोट लावा. सूर पळाला आणि हळूहळू परत आला, तर दोघांची उष्णता एकत्र नाही.

जोडी जुळवण्याचा बाऊ मात्र करू नका. दोघांत २ मिलिव्होल्टचा फरक असला तरी त्यामुळे सूर फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकतो, तो ट्यूनिंगच्या पॉटने भरून निघतो. तापमानाबरोबर त्या फरकाचा उरणारा परिणाम दर अंशाला अर्ध्या सेंटाहून कमी आहे. जुळवण्यासाठी प्रत्येक ट्रान्झिस्टरचा बेस त्याच्याच कलेक्टरला जोडा, एमिटर ग्राउंडला, आणि १२ व्होल्टवरून प्रत्येकाला १०० किलोओमचा एक टक्क्याचा रेझिस्टर. एक ट्रान्झिस्टर कायमचा संदर्भ म्हणून तसाच ठेवा. दुसऱ्या जागी एकेक उमेदवार लावून दोन्ही बेसमधला फरक मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर वाचा. ज्या दोघांचं वाचन सारखं, ती जोडी. हाताळल्यावर मिनिटभर थांबायचं, बोटाची ऊब जायला हवी. वीस-पंचवीस बीसी५४७ च्या पुडीत एकाहून जास्त जोड्या मिळतात. लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातलं पासोड्या विठोबाजवळचं मार्केट, या पुडीने कुणाचं दिवाळं निघत नाही. पैसे घालवण्याचा आरोप करण्याआधी भाव तरी विचारायचा होता.

जोडी लावूनही एक दोष राहतो, आणि आपल्या प्रतिक्रियेत काही तथ्य असलंच तर ते इथे. ते १८ मिलिव्होल्ट स्वतःच निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतात, दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के. खोली सकाळपासून दुपारपर्यंत १० अंशांनी तापली तर प्रत्येक सप्तकामागे ४० सेंट कमी पडतात. जिथे जुळवलं तिथून तीन सप्तकं वर गेलात की १२० सेंट, म्हणजे अर्धस्वराच्याही पुढे. यावर उपाय आहे +३३०० पीपीएमचा टेम्पको रेझिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर दर अंशाला ०.३३ टक्के वाढणारा. तो आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून अनेक जण साधा रेझिस्टर लावतात आणि मग अ‍ॅनालॉगला शिव्या घालतात.

त्याऐवजी पीटी१००० घ्या. कारखान्यांत तापमान मोजायला वापरतात तो प्लॅटिनमचा सेन्सर. २५ अंशाला तो १०९७ ओम असतो आणि दर अंशाला सुमारे ३.८५ ओमने वाढतो. त्याच्याशी ४७ ओमचा मेटल फिल्म रेझिस्टर सिरीजमध्ये लावलात की एकूण ११४४ ओम होतात आणि वाढीचा दर बरोबर ०.३३६ टक्क्यांवर येतो. येणाऱ्या एका व्होल्टचे १८ मिलिव्होल्ट करणाऱ्या विभाजकाचा हा खालचा भाग; वरच्या बाजूला ६२ किलोओम आणि त्याच्याशी सिरीजमध्ये ५ किलोओमचा मल्टीटर्न प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा बदलता रेझिस्टर). प्रीसेट साधारण एक किलोओमच्या आसपास आला की पट्टी बसते. पीटी१००० जोडीच्या अंगालाच चिकटवायचा, त्याच हीटश्रिंकखाली. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला टेम्पको वेगळंच तापमान मोजत बसतो, त्याचा काही उपयोग नाही.

हवा बदलली की तंबोऱ्याचा सूर हलतो, म्हणून कुणी तंबोऱ्याला खेळणं म्हणत नाही, पुन्हा लावून घेतात. इथे तर एकदाच रेझिस्टर लावायचा आहे.

आता आपण ज्याला सरसकट ‘सुरात राहत नाही’ म्हणता, ती प्रत्यक्षात वेगवेगळी पाच दुखणी आहेत आणि कानाने ती वेगळी ओळखता येतात. सगळे सूर सारखेच सरकत असतील तर दोष जोडीच्या तापमानात किंवा पुरवठ्यात. जितकं वर जावं तितकी चूक वाढत असेल तर टेम्पको, प्रीसेट किंवा कंट्रोल व्होल्टेज (कीबोर्डकडून येणारं, सूर ठरवणारं) कुठेतरी दबतंय. फक्त वरची सप्तकं उतरत असतील तर रीसेटचा वेळ. फक्त खालची बिघडत असतील तर गळती. एलएफओच्या (संथ गतीच्या ऑसिलेटरच्या) तालावर सूर हलत असेल तर ग्राउंड.

कंट्रोल व्होल्टेज दबण्याचं प्रकरण सर्वांत फसवं. कीबोर्डच्या आउटपुटला १ किलोओमचा रेझिस्टर आणि व्हीसीओचं इनपुट १०० किलोओम, एवढ्यानेच एक टक्का जातो, सप्तकामागे १२ सेंट. प्रीसेटने तो भरून काढता येतो. मग कुणीतरी साध्या वायरीने फाटा काढून दुसरा व्हीसीओ जोडतो, भार ५० किलोओम होतो आणि पहिल्याची पट्टी सप्तकामागे आणखी १२ सेंटने आखडते. चार सप्तकांवर जवळपास पाव स्वर. दोष व्हीसीओत नाही, फाट्यात आहे. टीएल०७२ या ऑपॅम्प चिपचा बफर (पुढचा भार मागे न पोहोचू देणारी पायरी) लावा आणि तो १ किलोओम फीडबॅकच्या आत घ्या, म्हणजे आउटपुट शॉर्ट झालं तरी चिप वाचते आणि व्होल्टेजही दबत नाही.

रीसेटचं गणित तर सरळ आहे. सॉ तरंगाचा (करवतीच्या दात्यांसारखा तरंग) कपॅसिटर रिकामा व्हायला १ मायक्रोसेकंद लागत असेल, तर ४४० हर्ट्झला एका सेंटाचाही फरक पडत नाही, पण ५ किलोहर्ट्झला साडेआठ सेंटने सूर उतरतो. कपॅसिटर १ नॅनोफॅरड असेल तर त्याच्याशी सिरीजमध्ये १ किलोओम लावा. एक किलोओम गुणिले एक नॅनोफॅरड बरोबर एक मायक्रोसेकंद, तेवढा वेळ भरून निघतो. कपॅसिटर सी०जी (तापमानाने जवळपास न बदलणारा सिरॅमिक) किंवा पॉलिस्टायरीनचाच हवा. साधा सिरॅमिक डिस्क लावलात तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

गळतीबद्दल कोकण आणि मुंबईकरांनी विशेष लक्ष द्यावं. १ नॅनोफॅरड, ५ व्होल्टचा तरंग, २० हर्ट्झ : कपॅसिटर भरणारा प्रवाह फक्त १०० नॅनोअँपिअर. पावसाळ्यात झिरो बोर्डवर (छिद्रांच्या तयार बोर्डवर) राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि त्यातून १०-२० नॅनोअँपिअर सहज निसटतात, तेवढ्याने खालचे सूर जागेवर राहत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन कपॅसिटरच्या आजूबाजूची जागा घासून काढा. बफरला एलएम३५८ वापरू नका, त्याचा इनपुट प्रवाहच नॅनोअँपिअरमध्ये असतो. टीएल०७२ चा त्याच्या कैक पट कमी.

पुरवठ्याबाबत दोन गोष्टी. ७८१२ (+१२ व्होल्ट) आणि ७९१२ (-१२ व्होल्ट) या रेग्युलेटरचे पाय एका क्रमाने नसतात. ७८१२ ला इनपुट, ग्राउंड, आउटपुट, तर ७९१२ ला ग्राउंड, इनपुट, आउटपुट. शिवाय ७९१२ ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते. दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रक न घालता कसले की शॉर्ट. दुसरं, ट्यूनिंगच्या पॉटला थेट १२ व्होल्ट देऊ नका. पुरवठा १० मिलिव्होल्टने हलला की सूर १२ सेंटपर्यंत हलू शकतो. टीएल४३१ ने ५ व्होल्टचा स्वतंत्र संदर्भ करा. आणि एलईडीचं ग्राउंड वेगळ्या वायरीने पुरवठ्यापर्यंत न्या. दशांश ओमच्या सामाईक वायरीतून ५० मिलिअँपिअर गेले तरी ५ मिलिव्होल्ट, म्हणजे ६ सेंट.

‘३३४० घ्या’ म्हणता. घ्या की, चांगली चिप आहे. तापमानाची भरपाई आतच असते, हे तिचं मोठेपण. पण वर लिहिलेल्यापैकी फाटा, गळती, ग्राउंड, पुरवठा आणि बाहेरचा टायमिंग कपॅसिटर यांतलं काहीही ती चुकवत नाही. पट्टीचा प्रीसेट तिलाही लागतो. शिवाय तिचा ऋण पुरवठ्याचा पाय १२ व्होल्टला थेट जोडायचा नसतो. आत झेनर आहे, डेटाशीटमधल्या सूत्राने काढलेला रेझिस्टर मध्ये हवाच, नाहीतर चिप गेली. ट्रान्झिस्टरची जोडी चुकून जळाली तर चहाच्या पैशांत नवी येते.

आणि ही चिप नव्हती तेव्हाही सिंथ वाजत होतेच. १९७० च्या मिनीमूग सिंथमध्ये ती नव्हती. रोलंडच्या टीबी-३०३ या सिंथमध्येही नाही, त्यात जुळ्या ट्रान्झिस्टरवरचाच कन्व्हर्टर आहे. तोच टीबी-३०३ इतर वाद्यांबरोबर वापरून मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवरचा अल्बम केला. रागात सूर हलला तर लपत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

अर्डुइनोबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याला करायचं त्याने करावं, तो या लेखाचा विषय नव्हता.

आपल्याकडे खरोखर सुरात न राहणारा व्हीसीओ असेल तर अर्धा तास चालू ठेवून ०, १, २, ३, ४ व्होल्टला मिळणारी फ्रीक्वेन्सी लिहून पाठवा. व्होल्टेज कीबोर्डवरूनच द्या, मल्टिमीटरच्या २० व्होल्ट रेंजवर मोजून नको. स्वस्त मीटरचा तिथला शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे १२ सेंटची चूक मोजमापातच शिरते. सोबत खोलीचं तापमान, कपॅसिटरचा प्रकार आणि इनपुटला आणखी काय जोडलंय तेही लिहा. एवढी माहिती आली की दोष वरच्या पाचांपैकी कोणता ते इथेच सांगेन. त्याशिवायच्या शेऱ्यांना यापुढे उत्तर देणार नाही.