डोंगर काय यांच्या बापाचा आहे?

सकाळी सातला ट्रेकच्या ग्रुपवर पडलेला मेसेज जसाच्या तसा देतो. "काल खाली गावात माणशी ५० रुपये उकळले. कसले विचारलं तर म्हणे गावनिधी. पावती वहीच्या पानावर. डोंगर काय यांच्या बापाचा आहे?"

खाली अकरा अंगठे. एकानं लिहिलंय, "लूट चालू आहे नुसती." दुसऱ्यानं, "पुढच्या वेळी मागच्या बाजूनं जाऊ, तिथं कोणी अडवत नाही." या दुसऱ्याला मी चांगला ओळखतो. पायात साडेआठ हजारांचे बूट असतात, आणि ज्या आयोजकाबरोबर गेला त्याला चौदाशे रुपये त्यानं निमूट भरलेत. त्या चौदाशेची पावती मागितलीस का रे राजा?

ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिथं तोंड उघडलं की ॲडमिन येतो, "वाद नको, फक्त ट्रेकची माहिती टाका." म्हणून इथं लिहितोय. लांबेल.

उत्तर आधी देऊन टाकतो. हो, बापाचा आहे. त्यातल्या एका बापाला मी भेटलोय.

२००९ ची गोष्ट. पितृपंधरवडा संपत आला होता, पाऊस ओसरला होता, म्हणून आम्ही तिघांनी घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी एक जुनी घाटवाट धरली. नाव सांगणार नाही. सांगितलं तर येत्या शनिवारी रात्री पुण्यातून तीन बस सुटतील. अर्ध्या उतारावर ढग आत शिरले आणि पुढचा माणूस दिसेना. पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाट टप्प्यावरच्या, रानात वाट पार बुजलेली. कारवीची झुडपं डोक्याच्या वर, आणि एकदा त्यांच्यात घुसलं की चारी दिशा सारख्याच. तास-दीड तास आम्ही फिरून फिरून त्याच ओढ्यापाशी येत होतो. माझ्या मित्राचा आवाज हळूहळू बारीक होत गेलेला मला अजून आठवतो.

मग खालून आवाज आला. खट्. जरा थांबून परत, खट् खट्.

आवाजाच्या रोखानं गेलो तर कापलेली कारवी दिसली. इतकी ताजी की टोकांना ओल होती. आणि त्या कापलेल्या पट्ट्यात वाकलेले एक मामा, कमरेला कोयता अडकवायची आकडी, हातात कोयता. साठीचे असतील. एकटेच. खालच्या गावातून वर कापत आले होते, त्यांचा तो तिसरा दिवस.

"फॉरेस्टमध्ये आहात का?" मी विचारलं. आपल्याला दुसरं सुचणार काय!

"नाय. माझी लेक वर दिलीय. दिवाळीला येल ना ती. वाट नको तिला?"

एसटीनं यायचं तर दोन गाड्या बदलून आख्खा दिवस मोडायचा. या वाटेनं तीन तास, कडेवर पोर असलं तरी. म्हणून दरसाल घट बसायच्या आत, भातकापणीला हात लागायच्या आधी, हा माणूस चार-पाच दिवस घालून वाट काढायचा.

मीही मदतीला म्हणून दरीकडच्या कारव्या मोडायला लागलो तर हातावर चापट बसली. "ती ऱ्हाऊ दे. पाय घसारला तं धरशील काय?" डोंगराच्या अंगाची कापायची, दरीच्या अंगाची ठेवायची. तिची मुळं माती धरतात आणि दांडा माणसाला. जिथं पावसाचं पाणी वाटेवरूनच धावत होतं, तिथं मामांनी चार दगड तिरपे बसवून पाणी दरीकडे काढून दिलेलं होतं. मी केलेल्या गिर्यारोहणाच्या कोर्सात मला दोराच्या गाठी शिकवल्या. हे कुणी शिकवलं नाही.

त्यांच्या घरी कोरा चहा आणि पोहे झाले. निघताना मी शंभराची नोट पुढे केली. मनात आलं, आता नको म्हणतील, आपण आग्रह करू, आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगू की खेड्यातला माणूस कसा निर्मळ असतो वगैरे. मामांनी नोट घेतली, घडी केली, टोपीत ठेवली. म्हणाले, "पुढल्या सालाला दोघं तरी या. एका कोयत्यानं होत नाय आता."

आम्ही हसलो. हो हो म्हणालो. गेलो नाही.

तर त्या पन्नास रुपयांबद्दल बोलू. तुम्हाला वाटतं सह्याद्रीतली वाट म्हणजे शिवकाळापासून आपोआप पडून आहे. इकडच्या पावसात वाट एका सालात जाते. पाणी तिची घळ करतं, कारवी आणि रानमोडी दोन्हीकडून मिटतात, दरड आली तर वाटेचा तुकडाच गायब होतो. ती दिसते कारण कुणीतरी गुरं नेलेली असतात, कुणीतरी बाजाराला गेलेलं असतं, कुणीतरी लेकीसाठी कोयता चालवलेला असतो. एक दिवसाची मजुरी आज काय चालते ते विचारा तुमच्या सोसायटीच्या माळ्याला. तुम्ही पन्नास दिले म्हणजे फार तर कुणाच्या तासाभराच्या घामाचे दिले.

बरं, मान्य. सगळीच गावं मामांची नसतात. एका ठिकाणी माझ्याकडून गाडीचे शंभर, माणशी पन्नास आणि कॅमेऱ्याचे वेगळे घेतले होते, आणि वर साधी कचऱ्याची पेटी नव्हती. ती लूटच होती. पावती हवी, हिशेब ग्रामसभेत वाचला जायला हवा. झालं समाधान? आता पुढे.

साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर काय होतं आठवतं का? सगळं पठार तुडवून झाल्यावर आजूबाजूच्या गावांची वन समिती उभी राहिली. आता हंगामात दिवसाला ३००० माणसं, आधी नोंदणी, शुल्क, आणि फुलांत लोळणाऱ्याला उठवायला गावातलीच पोरं शिट्टी घेऊन उभी. सगळं गोड झालं असं म्हणत नाही. कुंपण घातलं, त्यावरून वाद पेटला, शेवटी कुंपण काढलं. पण चुकलं तर कुणाला धरायचं हे तिथं माहीत आहे, आणि तो माणूस चार किलोमीटरवर राहतो. सिंहगडावर वन समितीकडे गाडीचे पैसे भरताना आपण कुरकुरतो, आणि मग आतकरवाडीच्या वाटेनं चढताना प्रत्येक वळण कापून सरळ घुसतो. दहा पावलं वाचतात. त्या दहा पावलांनी दोन पावसाळ्यांत घळ पडते, झाडांची मुळं उघडी पडतात आणि मग आपणच फोटो टाकतो, "सिंहगडाची दुरवस्था".

माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा मोठा शहाणा. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ग्रुपबरोबर स्वच्छता मोहिमेला गेलो होतो. चाळीस माणसं, सारखे टी-शर्ट, एक फ्लेक्स. बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं मिळून नऊ पोती भरली, पोत्यांमागे उभं राहून फोटो काढला. छान वाटलं. पोती पायथ्याच्या गावात ठेवली आणि आलो. दोन आठवड्यांनी परत त्याच गावात गेलो तर पोती तिथंच, कुत्र्यांनी फाडलेली, आणि अर्धा कचरा भाताच्या खाचरात. त्या गावात घंटागाडी येतच नाही, हे विचारायचं चाळिसातल्या एकालाही सुचलं नव्हतं. मलाही नाही. आम्ही गडावरचा कचरा उचलून दुसऱ्याच्या शेतात नेऊन टाकला. त्या फोटोला सहाशे लाइक होते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या केराबद्दल काय लिहिलंय ते तुम्ही सगळे दर शिवजयंतीला फॉरवर्ड करता. केर गडाखाली टाकू नये, जागच्या जागी जाळून राख परसात घालावी, तिच्यावर भाजीपाला करावा. आता प्लास्टिक जाळा असं कुणी म्हणणार नाही. पण "गडाखाली टाकू नये" एवढे तीन शब्द तरी वाचत जा की!

जुलै २०२५ मध्ये आपले अकरा किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा मीही पेढे वाटले. राजगड, साल्हेर, लोहगड, छाती भरून आली. पण यादीत किल्ला जातो, गुंजवण्यातून राजगडावर चढणारी वाट कुठल्या यादीत जात नाही. ती झिजणारच, आणि आता जास्त झिजणार. लोहगडाच्या पायऱ्यांवर २०२३ च्या जुलैमध्ये माणसं तासन् तास मुंगीसारखी अडकली होती, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. तेव्हा म्हणे "प्रशासन झोपलंय का". प्रशासन जागं झालं की काय करतं? पावसाळाभर बंदी घालतं. मग त्याच्यावरही आपण चिडतो.

चिडून लिहितोय खरा, पण मामांच्या वाटेचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं.

दहा वर्षांनी, २०१९ ला गेलो. या वेळी खालून. मामा दोन वर्षांपूर्वीच गेले होते. मुलगा भेटला, टेम्पो चालवतो. ताई दिवाळीला येते ना, विचारलं. म्हणाला, "येते ना, दाजींच्या मोटरसायकलवरून. वाटेनं कोण येतंय आता?" आम्ही पदरापर्यंत चढलो. पुढे कारवी. तासभर झटापट केली, हात सोलवटून परत फिरलो. त्याच ओढ्यापाशी बहुतेक, पण शपथेवर सांगता येणार नाही.

परतताना गाडीत कुणीच बोलत नव्हतं. लेकीला त्या वाटेची गरज उरली नाही. गुरं कमी झाली, बाजार गावात आला. आता त्या वाटेची गरज फक्त आपल्याला आहे, रविवारी, मजेसाठी. आणि कोयता मात्र अजून त्यांनीच धरायचा, तोही फुकट.

दरवेळी आपण त्यांच्याकडे तसंच बघतो, आपल्या सोयीची माणसं म्हणून. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळगडाला जाताना आपल्यातल्या किती जणांनी वाटेतल्या इर्शाळवाडीत चहा घेतलाय? १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीवर दरड आली. रस्ता नव्हता, यंत्रं वर चढेनात. भर पावसात चिखलाच्या पायवाटेनं माणसंच गेली, फावडी-घमेली घेऊन, आणि त्यात खोपोली-लोणावळ्याकडची डोंगरात फिरणारी ट्रेकर पोरं होती. ट्रेकरला शिव्या घालायला बसलो की मला ती पोरं आठवतात आणि जीभ आवरते. म्हणजे आपल्याला जमतं. नुसतं कुणी मेल्यावरच का जमावं?

गेल्या वर्षी शेवटी आम्ही सहाजण गेलो. मामांचा मुलगा आणि गावातले दोघे सोबत होते, त्यांना दिवसाची मजुरी दिली, मागितली तेवढी. (मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिघांनी मिळून आमच्या तिप्पट काम केलं.) ते रान गावच्या समितीकडे आहे, वनरक्षकाला सांगून गेलो. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर कुणीतरी कोयता घेऊन अभयारण्यात शिरेल. अभयारण्यात काठी तोडायचीसुद्धा परवानगी नसते आणि नसावीच. कातळावर ऑइलपेंटनं बाण काढणाऱ्यांचं काय करावं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही. लोक चुकतात, खुणा हव्यात, हे खरं. पण तीन दगड एकावर एक ठेवले की झालं. तो केशरी बाण वर्षानुवर्षं राहतो, आणि खाली ग्रुपचं नाव!

दिवसभरात चारशे दहा पावलं वाट निघाली. उतरताना मोजली. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, सोमवारी ऑफिसात माउस धरवेना. आमच्यातला एक नवा मुलगा दरीकडची कारवी सपासप तोडत सुटला होता, त्याच्या हातावर मी चापट मारली. त्यानं विचारलं का, तर क्षणभर मला बोलताच येईना.

मेंढा-लेखाबद्दल वाचा कधीतरी. तिथं ट्रेकला जाण्यासारखं काही नाही, म्हणून आपल्यातल्या कुणी वाचलं नसेल. गडचिरोलीतलं गोंडांचं गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांनी जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि पुढे बांबू ग्रामसभाच विकायला लागली. रान राखणाऱ्याच्या हातात रानाचा पैसा. आणि इथं आम्ही पन्नास रुपयांवरून त्याच्या बापापर्यंत पोचलो.

घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी परत जातोय. कोयते सहा आहेत, माणसं चारच झालीत. यायचं असेल तर मेसेज करा, फोटोला येणार असाल तर करू नका. कमेंटमध्ये वाटेचं नाव विचारायचं नाही.

हे टाइप करता करता साडेदहा झाले. मघाशी राहवेना म्हणून त्या मेसेजवाल्याला ५० रुपये फोनवरून पाठवले, सोबत लिहिलं, "गावाच्या वतीनं परत." वाटलं, लाजेल जरा.

घेतले त्यानं. वर हात जोडल्याचं चित्र पाठवलंय.